पारा कुठे गेला?

गेल्या महिन्यात आटगावहून एक गृहस्थ आमच्या कचेरीत आले. तालुक्यातल्या एका हायस्कुलात त्यांची सगळी नोकरी प्रयोगशाळा परिचर म्हणून गेली. मुले त्यांना मामा म्हणत; निवृत्तीनंतर गावही मामाच म्हणते. तान्हे मूल घ्यावे तशी, जुन्या धोतरात गुंडाळलेली दोन हात लांबीची एक वस्तू सांभाळत ते लोकलने आसनगावला उतरले आणि तिथून शेअर रिक्षाने शहापुरात आले.

फडके सोडले तर आत फोर्टिन बॅरोमीटर. ज्यांनी अकरावी-बारावीचे भौतिकशास्त्र जुन्या वळणाच्या प्रयोगशाळेत केले आहे त्यांना भिंतीवरचा हा पितळी दांडा आठवेल. वरच्या अंगाला उभी खाच, खाचेच्या कडेने इंच आणि सेंटीमीटरच्या पट्ट्या, वर-खाली सरकणारा व्हर्निअर, खाली काचेची छोटी कुंडी आणि तिच्यात उतरलेले हस्तिदंती टोक. या टोकाला पाऱ्याचा पृष्ठभाग नेमका टेकवायचा असतो. टोक आणि पाऱ्यातले त्याचे प्रतिबिंब एकमेकांना भिडले की मगच वरचा आकडा वाचायचा. त्यासाठी तळाला एक स्क्रू असतो. तो फिरवला की कुंडीच्या बुडाची चामड्याची पिशवी वर दाबली जाते. मामांच्या बॅरोमीटरची नळी शाबूत होती, टोकही होते. पिशवी मात्र कुजून चिरफाळली होती आणि आत पाऱ्याचा थेंबही नव्हता. महामार्गालगतच्या एका भंगाराच्या गोदामातून त्यांनी तो पितळेच्या भावाने, तराजूत तोलून घेतला होता.

"साहेब, पारा कुठं मिळंल तेवढं सांगा. बाकीचं मी बघतो," मामा म्हणाले.

प्रश्न साधा होता, पण उत्तर देताना आम्हीच अडखळलो. खरे तर पाऱ्याशी वर्तमानपत्रांचा रोजचा संबंध. एप्रिल उजाडला की 'पारा चढला', डिसेंबरात 'पारा घसरला' असे मथळे आम्ही डोळे मिटून लावतो. ज्या यंत्रातून तो आकडा आलेला असतो त्यात हल्ली बहुधा पाऱ्याचा लवलेशही नसतो, हे मनात येत नाही. यंत्रातून गेलेला पारा भाषेत मात्र ठाण मांडून बसला आहे.

हा बॅरोमीटर चालू करून मामांना काय साधायचे होते? "एकदा कसाऱ्याला वाचायचा आन् एकदा इगतपुरीला. नातवंडांना दाखवायचं." ऐकायला भाबडे वाटते, पण प्रयोग अस्सल आहे. १८६५ साली आगगाडी थळ घाट चढून इगतपुरीला पोचली. या घाटात रेल्वे पंधरा किलोमीटरांत जवळजवळ तीनशे मीटर उंची गाठते. तेवढ्या चढाने हवेचा थर कमी होतो आणि नळीतला पारा सुमारे अडीच सेंटीमीटर, म्हणजे बोटाच्या दीड पेराएवढा, खाली येतो. महागड्या मोबाइलमधला तांदळाएवढा दाबमापकही हा फरक सांगतो, पण आकडा बदललेला दिसणे वेगळे आणि धातूचा चकचकीत स्तंभ डोळ्यांदेखत उतरलेला दिसणे वेगळे.

मामांनी आणखी एक गोष्ट हातानेच करून दाखवली. भरलेला बॅरोमीटर हलवायचा झाला तर तळाचा स्क्रू हळूहळू आवळायचा, पारा नळीच्या शेंड्याच्या जरा खालपर्यंत चढवायचा आणि मग यंत्र सावकाश आडवे करून उलटे धरायचे. नाही तर एखाद्या हिसक्याने पारा वरच्या पोकळीत उसळतो आणि काच आतून फुटते. आडवे करताना पारा नळीच्या शेंड्याला लागून 'टक्' असा आवाज येतो. तो कोरडा, टणक आला तर पोकळी चोख; बोथट आला तर आत हवा शिरली म्हणून समजायचे. हे कुठल्याही क्रमिक पुस्तकात नव्हते. मामांनी ते कानाने शिकून घेतले होते.

आता त्यांच्या प्रश्नाकडे. लोकांनी मामांना तीन वाटा सांगितल्या होत्या. एक म्हणाला, तापाचे जुने थर्मामीटर फोडून पारा जमवा. दुसऱ्याने दवाखान्यातून बाद झालेले रक्तदाबाचे यंत्र सुचवले. तिसरा म्हणाला, पूजासाहित्याच्या दुकानात पारद शिवलिंग मिळते तर सुटा पारा का मिळणार नाही? तिन्ही सल्ले आपुलकीचे आणि तिन्ही वाईट. हिशेबच पाहा. नळीचे भोक आठ मिलिमीटरचे धरले तर ७६ सेंटीमीटर उंचीच्या स्तंभात ३८ घन सेंटीमीटर पारा मावतो. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणजे नुसत्या नळीतच अर्धा किलोच्या वर, कुंडीतला वेगळा. तापाच्या थर्मामीटरमध्ये असतो ग्रॅम-अर्धा ग्रॅम. पाचशे ते हजार थर्मामीटर फोडल्याशिवाय नळी भरायची नाही, आणि ते फोडणारा माणूस धड राहायचा नाही. रक्तदाबाच्या यंत्रात शंभर ग्रॅमच्या आसपास पारा असतो खरा, पण असे बाद यंत्र हा घातक कचरा ठरतो. तो कोणी कोणाला परस्पर द्यायचा नसतो. पूजेच्या दुकानातल्या चकचकीत पिंडीत पारा किती आणि दुसरा धातू किती, हे विकणाऱ्यालाही सांगता येईल असे नाही. बॅरोमीटरला तर चोख पारा लागतो. त्यात कथिल किंवा शिसे मिसळलेले असले की तो काचेला चिकटतो, शेपूट सोडतो आणि आकडा चुकवतो.

पारा मिळणे एवढे अवघड का झाले, याचे मूळ जपानातल्या मिनामाता या गावात आहे. तिथल्या एका रासायनिक कारखान्याने समुद्राच्या खाडीत सोडलेल्या पाण्यातून पारा माशांत गेला आणि माशांतून माणसांत. हातपाय वाकडे होणे, दृष्टी जाणे, जन्मतःच पंगू मुले अशा त्या रोगाची अधिकृत नोंद १ मे १९५६ रोजी झाली. या गावाच्या नावाने २०१३ साली आंतरराष्ट्रीय करार झाला, ऑगस्ट २०१७ मध्ये तो अमलात आला आणि जून २०१८ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली. पाऱ्याच्या नव्या खाणी काढायच्या नाहीत, आयात करणाऱ्या देशाच्या लेखी संमतीवाचून पारा पाठवायचा नाही आणि ज्या वस्तूंना पर्याय आहे त्यांचे उत्पादन व आयात-निर्यात थांबवायची, असे त्याचे स्वरूप. थर्मामीटर, रक्तदाबाची यंत्रे आणि बॅरोमीटर हे सगळे या यादीत येतात. मूळ मुदत २०२० ची होती. भारताने काही वस्तूंसाठी ती २०२५ पर्यंत वाढवून घेतली. त्याआधीच युरोपने २०११ मध्ये आणि अमेरिकेने २०१३ मध्ये पाऱ्याची निर्यात बंद केली होती. दोन हजार वर्षे जगाला पारा पुरवणारी स्पेनमधली अल्मादेनची खाण आता पर्यटकांना दाखवतात.

करारात सवलतीही आहेत. संशोधन, उपकरणांचे प्रमाणीकरण आणि संदर्भमानक म्हणून वापर यांना सूट आहे. परंपरागत आणि धार्मिक वापरालाही आहे. म्हणजे पारद शिवलिंग सुटले, वेधशाळेचे प्रमाण-यंत्र सुटले, आणि मधल्या मध्ये मामांचा बॅरोमीटर अडकला. तो संशोधनासाठी नाही, पूजेसाठीही नाही. जुने यंत्र घरात ठेवायला करार मनाई करत नाही, पण ते पुन्हा भरायचे तर पारा कोणी द्यायचा आणि कोणाच्या देखरेखीखाली, याबद्दल अवाक्षर नाही. रसायनांचा जबाबदार व्यापारी संस्थेच्या मागणीपत्राशिवाय खासगी माणसाला असा माल देणार नाही, आणि त्याने देऊही नये.

'देऊही नये' हे आम्ही जाणूनबुजून लिहितो. कारण पारा दिसायला निरुपद्रवी आहे. शाळेत तळहातावर त्याच्या गोळ्या घरंगळवलेल्या आठवणाऱ्या पिढीला त्याची भीती वाटत नाही. पोटात गेलेला धातुरूप पारा बराचसा तसाच बाहेर पडतो हेही खरे. घात करते ती त्याची वाफ. तिला वास नाही, रंग नाही, आणि श्वासावाटे गेलेल्या वाफेतला बहुतेक पारा रक्तात उतरतो. कामाच्या जागी आठ तासांसाठी घनमीटरला ०.०२५ मिलिग्रॅम ही मर्यादा मानली जाते. बंद खोलीत २० अंश तापमानाला हवा पाऱ्याच्या वाफेने पुरती भरली तर हे प्रमाण १३ मिलिग्रॅमच्या घरात जाते, म्हणजे पाचशे पट. तापमान दहा अंशांनी वाढले की वाफ दुपटीहून अधिक होते. आता आपल्याकडची एप्रिलमधली पत्र्याची शेड डोळ्यांपुढे आणा. हाताला कंप, चिडचिड, विसराळूपणा, सुजलेल्या हिरड्या ही लक्षणे सावकाश येतात, आणि 'वयानुसार होते' म्हणून त्यांच्याकडे काणाडोळा केला जातो.

सांडलेला पारा उचलणेही सोपे नाही. केरसुणी फिरवली की एका थेंबाचे हजार थेंब होतात आणि वाफ सुटायला हजार पृष्ठभाग मिळतात. बोटातली सोन्याची अंगठी आधी काढून ठेवावी लागते, कारण पारा सोन्यात शिरतो. गुळगुळीत फरशीवर कडक पुठ्ठ्याने आणि ड्रॉपरने थेंब गोळा करता येतात. पण शेणाने सारवलेल्या जमिनीवर? तिथे तो भेगांतून उतरतो आणि वर्षानुवर्षे घरातच वाफ सोडत राहतो. मामांचे घर अजून तसेच आहे. ते ऐकल्यावर आम्ही त्यांना विचारले, "मामा, या बॅरोमीटरमधला पारा कुठे गेला?"

ते गप्प झाले. मग म्हणाले, "गोदामातच गेला असंल. पिशवी फाटलेलीच होती."

आम्हाला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातला खरा प्रश्न हा आहे. नवा पारा मिळेल का, याची चौकशी तरी झाली. अर्धा-पाऊण किलो जुना पारा मातीत गेला त्याची कोणी केली नाही. त्या गोदामात दोन-चार कुटुंबे राहतात, त्यांची पोरे त्याच मातीत खेळतात. पावसाळ्यात तिथले पाणी ओढ्याला जाते. उत्तरेला थोड्या अंतरावर तानसा तलाव आहे. १८९२ साली पुऱ्या झालेल्या त्या धरणाचे पाणी मुंबई आजही पिते. एका बॅरोमीटरने तलाव नासणार नाही. तसा कांगावा आम्हाला करायचा नाही. पण गाळातले जिवाणू पाऱ्याचे मिथिल-पाऱ्यात रूपांतर करतात, तो माशांत साठत जातो, आणि या भागात मासे कोण खातो ते वेगळे सांगायला नको.

जुन्या यंत्रांची भंगारात होणारी रवानगी किती महाग पडते, याचे दोन दाखले आपल्याच देशात आहेत. कोडाइकनाल येथे १९८० च्या दशकात अमेरिकेतून उचलून आणलेला थर्मामीटरचा कारखाना चालत होता. २००१ च्या मार्चमध्ये गावातल्या भंगारवाल्याकडे पाऱ्याने माखलेल्या फुटक्या काचांचा साठा लोकांनी उघडकीस आणला आणि कारखाना बंद पडला. ५९१ माजी कामगारांशी कंपनीची तडजोड व्हायला २०१६ साल उजाडले. दुसरा दाखला अधिक भीषण आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-६० असलेले एक किरणोत्सारी यंत्र वर्षानुवर्षे वापराविना पडून होते. २०१० च्या फेब्रुवारीत इतर अडगळीबरोबर त्याचाही लिलाव झाला. मायापुरीच्या भंगार बाजारात कामगारांनी ते कापले. एप्रिलमध्ये त्यांची कातडी काळी पडू लागली, केस गळू लागले; एक जण दगावला. लिलावाच्या यादीत ते यंत्र म्हणजे केवळ एक जुने धूड होते. आत काय आहे हे जाणणारे निवृत्त होऊन गेले होते.

किरणोत्साराचा विषय निघाला म्हणून रेडियमबद्दल दोन शब्द. आपल्याकडे हा शब्द भलत्याच अर्थाने रुळला आहे. महामार्गावर गाड्यांच्या नंबरपाट्या आणि चमकत्या पट्ट्या कापून देणारी 'रेडियम'ची दुकाने रांगेने आहेत आणि त्यांतल्या एकातही रेडियम नाही. खरे रेडियम असते ते पहिल्या महायुद्धापासून पुढच्या चार-पाच दशकांतल्या घड्याळांत, होकायंत्रांत, विमानांच्या उंचीमापकांत. अंधारात दिसावेत म्हणून त्यांच्या काट्यांवर रेडियमचा रंग लावीत. अमेरिकेत हा रंग लावणाऱ्या मुली कुंचल्याला ओठांनी टोक काढीत; त्यांच्या जबड्यांची हाडे झडली तेव्हा कारण उमगले. आज अशी तबकडी अंधारात चमकत नाही म्हणून लोक ती मेलेली समजतात. वास्तविक थकलेले असते ते रंगातले झिंक सल्फाइड. रेडियमचे अर्धआयुष्य १६०० वर्षांचे; शंभर वर्षांत त्याने जेमतेम चार टक्के अंग टाकलेले असते. अशी तबकडी उघडून खरवडणे म्हणजे ती धूळ स्वतःच्या फुप्फुसात भरून घेणे. मूळचाच रंग हवा असा हट्ट धरणारे हौशी लोक आहेत. त्यांना साफ नाही म्हणावे. किरणोत्सारी पदार्थ हा अणुऊर्जा कायद्याचा विषय आहे आणि त्याचे नियमन करणारे मंडळ मुंबईतच अणुशक्तीनगरात आहे. शंका आली तर यंत्र न उघडता तिकडे विचारावे. नव्या रंगांत रेडियम नसते आणि ते अधिक चमकतात.

बाकीच्या अडचणी त्या मानाने किरकोळ. पितळ घासायला, पारा धुवायला पूर्वी आम्ले सर्रास वापरीत. ॲसिडहल्ल्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी दिलेल्या आदेशाने सुट्या विक्रीवर नोंदवही, ओळखपत्र आणि कारण यांची अट आली. शाळा-महाविद्यालयांनाही वापराची नोंद ठेवून जबाबदार माणूस नेमावा लागतो. पितळेवर चपड्याच्या लाखेचा हात द्यायचा तर स्पिरिट लागते आणि त्यावर उत्पादन शुल्क खात्याची नजर असते. २०१५ साली मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, तेव्हा त्या नजरेबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही. हस्तिदंती टोक मोडले तर नवे हस्तिदंत वन्यजीव कायद्याने मिळणार नाही आणि त्याची गरजही नाही. हाडाचे टोक तेच काम करते.

खरा गुंता निराळाच आहे. पुरावशेष व कलानिधी अधिनियम १९७२ चा. त्यातली पुरावशेषाची व्याख्या फक्त मूर्तींपुरती नाही. गतकाळातील विज्ञानाची साक्ष देणारी, किमान शंभर वर्षांची कोणतीही वस्तू तीत बसते. मामांच्या बॅरोमीटरवर सालाचा ठसा नाही, पण १९२० च्या आधीचा असा एखादा निघाला तर कायद्याच्या नजरेत तो पुरावशेष आहे. खासगी माणसाला तो परदेशी पाठवता येत नाही, परवान्याशिवाय त्याचा व्यापार करता येत नाही. पर्यावरणाचे नियम त्याच यंत्रात घातक पदार्थ पाहतात. भंगारवाला पितळ पाहतो. तिघांपैकी त्याचेच वजनमाप तयार असते, दाम रोख असतो आणि टेम्पोही दारात उभा असतो. मग यंत्र कोणाकडे जाणार ते उघड आहे.

जुन्या यंत्राची किंमत ओळखणारी यंत्रणा आपल्याकडे कधीच नव्हती असे नाही. १८२६ साली स्थापन झालेल्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय नोंदी होत असत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले तेव्हा त्या प्रवाहाने नोंदी बिघडतील हे ओळखून अलिबागला नवी वेधशाळा बांधण्यात आली; बांधकामात लोखंड येऊ दिले नाही. पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्या काळात १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा जुळावा. ट्राम इतिहासजमा झाल्या, पण अलिबागची नोंदमाला आजही चालू आहे. यंत्र बदलले तरी चालेल, त्याने दिलेली साक्ष तुटता कामा नये, ही त्यामागची दृष्टी होती.

हीच कसोटी मामांच्या बॅरोमीटरला लावून पाहावी. नवी पिशवी आणि नवा पारा घातल्यावर तो जे वाचेल ते त्याचे जुने वाचन नव्हे. पुन्हा एखाद्या प्रमाण-यंत्राशी ताडून दुरुस्ती-तक्ता करावा लागेल. नळी भरताना आतली हवा घालवायला जुने कारागीर पारा नळीतच उकळवत. ते काम तर घरात करायचा विचारही मनात आणू नये. म्हणून आमचे मत असे, की बहुतेक जुनी यंत्रे चालू करण्यापेक्षा जपावीत. पितळ फार घासू नये. काळवंडलेल्या थरातही त्याचा इतिहास असतो. नळी रिकामी असेल तर रिकामी ठेवावी आणि तसे लिहून ठेवावे. ज्यांत पारा शाबूत आहे ती मात्र पारा शाबूत असेपर्यंतच वाचवायला हवीत, आणि ते काम एकट्यादुकट्या हौशी माणसाचे नाही.

युरोपने या बाबतीत थोडे तारतम्य दाखवले. पाऱ्याची नवी मापनयंत्रे सर्वसामान्यांना विकण्यावर २००७ साली बंदीचा निर्देश काढताना ३ ऑक्टोबर २००७ रोजी पन्नास वर्षांहून जुन्या असलेल्या यंत्रांना वगळले. म्हणजे वारसा आणि बाजार यांत सीमारेषा आखली. तशी ओळ आपल्या नियमांत घालायला फार खर्च येणार नाही. तिच्या जोडीला एक जागा हवी, जिथे असे यंत्र नेऊन दाखवता येईल, गरज असेल तर देखरेखीखाली भरता येईल आणि नको असलेला पारा जमा करता येईल. पुण्यात शिवाजीनगरला 'शिमला ऑफिस' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हवामान खात्याच्या कार्यालयाकडे बॅरोमीटर ताडण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा आहे. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राकडे यंत्रे मांडण्याची दृष्टी आहे. या दोघांनी मिळून वर्षातून चार दिवस जरी असा एखादा कट्टा चालवला तरी मामांसारख्यांना पूजेच्या दुकानाची पायरी चढावी लागणार नाही. जो पारा जपायचा नाही तो तळोज्याच्या घातक कचरा केंद्राकडे जावा. आज तिथे जायची वाट कारखान्यांना ठाऊक आहे. शाळेला नाही, आणि भंगारवाल्याला तर नाहीच.

शाळेचा उल्लेख आम्ही सहज केलेला नाही. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या जुन्या माध्यमिक शाळांच्या विज्ञान कपाटांत काय काय पडून आहे, याची एकदा पाहणी व्हायला हवी. पाऱ्याच्या बाटल्या, फुटके थर्मामीटर, मधोमध ॲस्बेस्टॉसचा पांढरा गोल असलेल्या तारेच्या जाळ्या, लेबल गळून पडलेली आम्ले. ज्या परिचरांना कपाटाचा कप्पा न् कप्पा पाठ होता ते निवृत्त झाले, आणि अनेक ठिकाणी त्यांच्या जागा भरल्याच गेल्या नाहीत. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने मुख्याध्यापकांना एक पानी तक्ता पाठवला तर महिन्याभरात यादी तयार होईल. ती करताना निवृत्त परिचरांना बोलवावे आणि त्यांना मानधन द्यावे. मायापुरीत नेमका असा जाणता माणूसच जागेवर नव्हता.

मामांना आम्ही हे सगळे सांगितले. बॅरोमीटर भरू नका म्हटल्यावर ते खट्टू झाले, पण रागावले नाहीत. नळी तशीच ठेवतो म्हणाले. त्या गोदामवाल्याला जमीन उकरून ती माती डब्यात बंद करायला सांगू का, असे त्यांनीच विचारले. आम्ही म्हटले, उकरायला लावू नका, नुसते पोरांना तिकडे खेळू देऊ नका म्हणावे. पंचायतीमार्फत प्रदूषण नियंत्रण मंडळाला आम्ही पत्र घालतो. पत्र घातले आहे.

फडके गुंडाळता गुंडाळता ते थबकले. "साहेब, आमच्या शाळंत एक बाटली होती. दोन किलोच्या वर पारा असंल. मीच चिठ्ठी लावली होती, लाल शाईनं." मग आठवून म्हणाले, "खालच्या कप्प्यात, डाव्या हाताला. वर ठेवली तर फळी वाकायची." निवृत्त होताना किल्ली त्यांनी कारकुनाकडे दिली होती. ते कारकून मागेच बदलून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा शाळेत गेले. कपाट तेच होते, कुलूप नवे होते, आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे हे शोधण्यात दुपार गेली.